तीन तासांचं हृदय

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



कवी माणसाला हृदयावर बोलायला बोलावलं की ऐकणाऱ्याला वाटतं, आता विरह, चंद्र आणि आसवं ऐकावी लागणार. आज तसं काही होणार नाही. एक कबुली मात्र आधीच देऊन टाकतो. मटणाच्या दुकानात जाऊन 'काळीज द्या' म्हटलं तर खाटीक यकृत तोलून देतो, हृदय नव्हे. उर्दूतलं 'जिगर' म्हणजेही यकृतच. दोन्ही भाषांतले आम्ही कवी पिढ्यान्‌पिढ्या एका अवयवाचं नाव घेऊन दुसऱ्याबद्दल बोलत आलो आणि कुणी आम्हाला अडवलं नाही. डॉक्टर मंडळींना ही सवलत नसते. त्यांना नेमक्या जागी हात घालावा लागतो, आणि हात चुकला तर माणूस जातो.

मी बी.ए. झालेला माणूस. वैद्यक माझा विषय नाही. पण माझ्या थोरल्या बहिणीच्या छातीत गेली सत्तावीस वर्षं कार्बनची एक झडप आहे. रात्री वीज गेली, पंखा थांबला, की आपाच्या खोलीतून टिकटिक ऐकू येते. पाहुण्यांना वाटतं, घड्याळ असेल. या टिकटिकीमागे कुणाकुणाचे हात आहेत, हे मी गेली काही वर्षं शोधत आलो. ती हकिगत आज सांगतो.

पुणे-सोलापूर रस्त्यावर यवत सोडलं की चौफुला यायच्या आत आमचं भांडगाव लागतं. दौंड तालुका, आजूबाजूला ऊस. तुकोबांची पालखी यवतचा मुक्काम हलवून वरवंडकडे निघते ती आमच्या गावावरून. रस्त्याच्या कडेला अब्बांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. वारीच्या दिवसांत अब्बा पंक्चरचे पैसे घेत नसत.

१९७२च्या दुष्काळानंतरचं वर्ष. आपा तेव्हा अकरा वर्षांची. मी अगदी लहान, त्यामुळे हे सगळं अम्मीच्या तोंडून ऐकलेलं. आपाचा घसा दुखला, ताप आला, चार दिवसांत गेला. दोन-तीन आठवड्यांनी गुडघा सुजला. तो उतरतो तोवर घोटा, मग कोपर. सगळे म्हणाले, वात आहे. तेलानं चोळलं, शेक दिला. महिन्याभरात पोरगी पुन्हा उड्या मारू लागली आणि घरादारानं सुटकेचा श्वास सोडला.

हा संधिवाताचा ताप. इंग्रजीत त्याला रूमॅटिक फीवर म्हणतात. घशात एका जातीचे जंतू शिरतात, शरीर त्यांच्याशी लढायला शस्त्रं तयार करतं, आणि ती शस्त्रं चुकून स्वतःच्याच हृदयावर चालतात. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांना हा धोका अधिक. दाटीच्या घरांत, जिथं घसा दुखल्यावर डॉक्टर गाठायची रीत नसते तिथं, तो हमखास आढळतो. सांध्यांचं दुखणं पाहुण्यासारखं येतं आणि जातं. हृदयातलं मात्र घर करून राहतं. झडपा जाड होतात, कडेनं एकमेकींना चिकटतात, आणि दार किलकिलंच उघडू लागतं.

आपाच्या बाबतीत हे कळलं अकरा वर्षांनी, १९८४ साली. ती पहिल्या खेपेची, पाचवा महिना. गरोदरपणात शरीरातलं रक्त वाढतं, हृदयावरचा भार वाढतो, आणि तोवर गप्प बसलेली अरुंद झडप बोलू लागते. रात्री आडवं पडलं की श्वास कोंडायचा. भिंतीला टेकून बसून ती रात्र काढायची. पुण्याच्या एका मोठ्या रुग्णालयात डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि सांगितलं, डाव्या बाजूची झडप आवळली आहे. अब्बांनी विचारलं, झडप म्हणजे काय? डॉक्टर म्हणाले, व्हॉल्व्ह. अब्बांचा चेहरा एकदम उजळला. सायकलच्या ट्यूबला व्हॉल्व्ह असतो, हवा आत जाऊ देतो, बाहेर येऊ देत नाही. आयुष्यभर त्यांनी तेच काम केलेलं. ते म्हणाले, "मग बदला की." डॉक्टर म्हणाले, "आत्ता बदलायची नाही, बोटानं मोकळी करायची."

या 'बोटानं मोकळी करण्या'ला मोठा इतिहास आहे, श्रोतेहो.

१९२५ साली लंडनमध्ये हेन्री सूटर नावाच्या शल्यविशारदानं एका तरुण मुलीच्या धडधडत्या हृदयात बोट घालून आवळलेली झडप सैल केली. मुलगी वाचली, पुढं काही वर्षं जगली. आपल्याला वाटेल, त्यांच्या दारात रांग लागली असेल. पण त्यानंतर एकाही डॉक्टरनं त्यांच्याकडं असा दुसरा रुग्ण धाडला नाही. हृदयाला हात लावायचा नाही, अशी त्या काळची समजूत होती. एक यशस्वी शस्त्रक्रिया, आणि पुढं वीस-बावीस वर्षं शांतता.

मग अमेरिकेत चार्ल्स बेली. त्यांचे पहिले चार रुग्ण दगावले. सहकारी त्यांना खाटीक म्हणू लागले, रुग्णालयांचे दरवाजे बंद होऊ लागले. १० जून १९४८ला सकाळी चौथा रुग्ण गेला. त्याच दिवशी दुपारी, बातमी पसरायच्या आत, दुसऱ्या रुग्णालयात त्यांनी पाचवी शस्त्रक्रिया केली. ती रुग्ण वाचली. या घटनेचं काय करायचं ते मला आजही कळत नाही. बेलींच्या धाडसाला सलाम करावा, तर ते चार जण आठवतात. त्यांना दोष द्यावा, तर भिंतीला टेकून बसलेली आपा आठवते.

तिथून चारच वर्षांत, १९५२ साली, हे तंत्र मुंबईत आलं. परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी अशी बंद हृदयाची शस्त्रक्रिया केली. त्याच सुमारास दक्षिणेत वेल्लोरलाही ती सुरू झाली. हृदय बंद, म्हणजे उघडायचं नाही, थांबवायचं नाही. ते चालू असताना बाजूच्या कप्प्यातून बोट आत सरकवायचं आणि चिकटलेल्या कडा मोकळ्या करायच्या. नंतर बोटाच्या जोडीला धातूचं उघडझाप करणारं अवजार आलं. मोठी यंत्रं नकोत, फार खर्च नको. गरीब देशाला आणि गरीब रुग्णाला परवडेल अशी ही गोष्ट होती, आणि भारतातल्या हजारो तरुण बायका तिच्यावर जगल्या. माझी बहीण त्यांतली एक. १९८४ साली तिचं ऑपरेशन झालं, चार महिन्यांनी मुलगा झाला. माझा हा भाचा आज टेम्पो चालवतो.

पण मोकळी केलेली झडप जन्मभर मोकळी राहील असं नसतं. दहा-पंधरा वर्षांत ती पुन्हा आवळते, कधी गळू लागते. १९९८ साली आपाच्या बाबतीत दोन्ही झालं. आता अब्बांचं म्हणणं खरं ठरलं. झडप बदलायची होती.

झडप बदलायची तर हृदय उघडावं लागतं, आणि तेवढा वेळ रक्त फिरवायचं काम यंत्रानं करावं लागतं. जॉन गिबन यांनी फिलाडेल्फियात ६ मे १९५३ला हृदय-फुप्फुस यंत्र माणसावर यशस्वीपणे वापरलं आणि हा रस्ता खुला झाला. १९६० साली पोर्टलंडचे शल्यविशारद अल्बर्ट स्टार आणि लोवेल एडवर्ड्स नावाचे निवृत्त इंजिनिअर यांनी मिळून पिंजऱ्यातल्या चेंडूसारखी झडप बनवली. रक्ताचा दाब आला की चेंडू पुढं सरकतो, दाब उतरला की मागं बसून दार लावतो. त्यांची पहिली रुग्ण काही तासांतच गेली, रक्तात शिरलेल्या हवेमुळं. दुसरा रुग्ण दहा वर्षं जगला, आणि वारला तो झडपेमुळं नव्हे, तर घर रंगवताना पडून. याला मी यश म्हणतो. माणूस घर रंगवायला वर चढला, म्हणजे आपल्या छातीत काय आहे हे तो विसरला होता.

पुढं झडपांचे नाना प्रकार निघाले, आणि काही चुकाही झाल्या. ब्यॉर्क-शायली नावाच्या एका नामांकित झडपेचा नवा नमुना १९७९पासून बाजारात आला. जगभरात सुमारे ८६ हजार लोकांना तो बसवला गेला. त्यातल्या काहींच्या झडपेचा धातूचा दांडा छातीतच मोडला, आणि अशा बहुतेकांचा जीव गेला. १९८६ साली तो नमुना मागं घ्यावा लागला. ज्यांच्या छातीत तो आधीच बसला होता, त्यांनी रोज रात्री काय विचार करून पाठ टेकली असेल?

आपल्या देशातही एक मोठं काम झालं. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशी झडप बनवायला घेतली. आधीचे तीन नमुने चाचण्यांत नापास झाले. चौथा टिकला. ६ डिसेंबर १९९०ला ती पहिल्यांदा माणसाला बसवली. परदेशी झडपेच्या मानानं पुष्कळ स्वस्त. त्यानंतर लाखाहून अधिक रुग्णांना ती लाभली.

१९९८च्या त्या दिवशी आपाच्या डॉक्टरांनी अब्बांना सांगितलं की झडपा दोन जातींच्या असतात. एक यंत्राची, कार्बनची. ती झिजत नाही, पण तिच्यावर रक्त गोठू नये म्हणून जन्मभर गोळी घ्यावी लागते. दुसरी जनावराच्या ऊतींची. तिला गोळीचा जाच कमी, पण दहा-पंधरा वर्षांत ती खराब होते, आणि तरुण वयात त्याहून लवकर. अब्बांनी दबक्या आवाजात विचारलं, "जनावर कुठलं?" डॉक्टर थोडं थांबले आणि म्हणाले, "एक डुकराचं असतं, दुसरं गायीच्या हृदयावरचं आवरण."

अब्बा माझ्याकडं बघत राहिले. मग त्यांना हसू आलं. म्हणाले, "म्हणजे आपली अडचण आहे आणि पाटलांचीही आहे." खरं तर उलेमांनी जीव वाचवायच्या निकडीत अशा झडपेला मुभा दिलेली आहे, आणि देशात सगळ्या धर्मांचे लोक दोन्ही प्रकारच्या झडपा घेऊन सुखानं नांदतात. आपाच्या बाबतीत प्रश्न वयानं सोडवला. छत्तीस वर्षांची बाई, म्हणून कार्बन.

ऑपरेशन यशस्वी झालं. पेढे वाटले. आणि श्रोतेहो, इथंच आमची चूक झाली. आम्हाला वाटलं, गोष्ट संपली.

त्या जन्मभराच्या गोळीची हकिगत ऐकण्यासारखी आहे. १९२०च्या दशकात उत्तर अमेरिकेतल्या कुरणांवर गुरं रक्तस्रावानं मरू लागली. शिंगं कापली तरी रक्त थांबेना. कारण निघालं साठवणीतला, बुरशी लागलेला वैरणीचा घास. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेनं त्या कुजक्या वैरणीतलं द्रव्य शोधून काढलं. त्यावरून वॉर्फरिन तयार झालं, आणि १९४८ साली ते बाजारात आलं उंदीर मारायचं औषध म्हणून. पुढं त्याच द्रव्याची मोजून-मापून दिलेली मात्रा माणसांना वाचवू लागली. म्हणजे आपाची टिकटिक ज्यांच्या जोरावर चालते ती औषधं गुरांच्या रोगातून आणि उंदरांच्या विषातून आली आहेत. शेतकऱ्यांच्या गावाला याचं फारसं नवल वाटायचं कारण नाही.

या गोळीचा तोल सुरीच्या धारेवरचा. कमी पडली तर झडपेवर गुठळी धरते. झडप अडकते, किंवा गुठळी सुटून मेंदूत जाते. जास्त झाली तर रक्तस्राव. म्हणून महिन्या-दीड महिन्यानं रक्त तपासायचं आणि मात्रा ठरवायची. मेथी-पालक एक दिवस भरपूर आणि पुढं आठवडाभर नाही, असं चालत नाही. जे खायचं ते सारखं खायचं. दुसरं कुठलंही औषध विचारल्याशिवाय घ्यायचं नाही. नीट गोळी घेऊनही वर्षाला शंभरातल्या एखाद-दोघांना गुठळीचा आणि साधारण तितक्यांनाच मोठ्या रक्तस्रावाचा त्रास होतो. गोळी सोडली तर धोका कितीतरी वाढतो. आणि तरुण बाई असेल, तर गरोदरपणात ही गोळी पोटातल्या बाळाला घातक ठरू शकते. तेव्हा आधी डॉक्टरांशी बोलून सगळं ठरवावं लागतं.

२००६ साली आपाची दाढ काढायची होती. रक्त थांबावं म्हणून गोळी चार दिवस बंद करा, असं सांगितलं गेलं. पुन्हा कधी सुरू करायची, हे कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. दाढ निघाली. घरात लग्नाची गडबड होती. चार दिवसांचे नऊ झाले. दहाव्या दिवशी सकाळी आपा भाकरी थापता थापता थांबली. उजवा हात परातीत तसाच पडून राहिला. तोंडातून शब्द फुटेना.

ती वाचली. वर्षभरात बोलणंही बरंचसं परत आलं. उजवा हात मात्र अर्धाच आला. आता ती डाव्या हातानं भाकरी थापते. भाकरी गोल होत नाही, म्हणून पाहुण्यांपुढं ठेवायला लाजते. चूक कुणाची? मी पुष्कळ वर्षं दुसऱ्यांकडं बोट दाखवलं. आज म्हणतो, ती एका समजुतीची चूक होती. ऑपरेशन झालं म्हणजे आजार संपला, ही ती समजूत. ती आमची होती, आणि आम्हाला भेटलेल्या पुष्कळ शिकलेल्या लोकांचीही होती.

आता त्या तीन तासांकडं येतो.

३ डिसेंबर १९६७ला दक्षिण आफ्रिकेत केप टाऊनला क्रिस्तियान बर्नार्ड यांनी एका माणसाचं हृदय दुसऱ्या माणसाच्या छातीत बसवलं. हृदय होतं मोटार अपघातात सापडलेल्या पंचवीस वर्षांच्या तरुणीचं. तिच्या वडिलांनी होकार दिला. रुग्ण १८ दिवस जगला आणि न्यूमोनियानं गेला. नवं हृदय शरीरानं नाकारू नये म्हणून दिलेल्या औषधांनी त्याची प्रतिकारशक्तीच झोपवली होती. बर्नार्ड यांचा दुसरा रुग्ण, २ जानेवारी १९६८चा, ५९४ दिवस जगला. तो गोरा होता, आणि त्याला मिळालेलं हृदय होतं मिश्रवर्णीय तरुणाचं. ज्या देशात त्या दोघांना एका बाकावर बसायला कायद्यानं बंदी होती, तिथं एकाचं हृदय दुसऱ्याच्या छातीत दीड वर्षाहून अधिक धडधडलं.

आणि त्यानंतर सहाच आठवड्यांनी, १६-१७ फेब्रुवारी १९६८ला, परळच्या केईएममध्ये डॉ. सेन यांनी हृदयरोपण केलं. जगातलं सहावं. हे धाडस करणारे सेन हे जगातले चौथे शल्यविशारद. त्यांच्याआधी बर्नार्ड, न्यूयॉर्कचे कँट्रोविट्झ आणि स्टॅनफर्डचे शमवे, इतकेच. बर्नार्डची बातमी वाचून कुणीतरी उत्साहानं केलेला हा उद्योग नव्हता. सेन आणि डॉ. जी. बी. परुळकर यांच्यासारखे त्यांचे सहकारी कित्येक वर्षं कुत्र्यांवर प्रयोग करत होते. हे तेच सेन, ज्यांनी सापाच्या हृदयाची रचना पाहून, माणसाच्या उपाशी हृदयस्नायूला सुईनं छिद्रं पाडून रक्त पोचवता येईल का, याचाही प्रयोग १९६०च्या दशकात करून पाहिला होता. जन्म कलकत्त्याचा, कर्मभूमी परळ. आणि हे सगळं एका महापालिकेच्या रुग्णालयात, जिथं गिरणगावातला कामगार केसपेपर काढून रांगेत उभा राहतो.

नवं हृदय धडधडलं. तीन तासांनी रुग्ण गेला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सेन यांनी पुन्हा प्रयत्न केला. तो रुग्ण चौदा तास जगला. त्यानंतर मुंबईत ४७ वर्षं हृदयरोपण झालं नाही.

या गोष्टीला अपयश म्हणायचं का? १९६८ या एका वर्षात जगभरात शंभराहून अधिक हृदयरोपणं झाली. बहुतेक रुग्ण वर्ष पाहू शकले नाहीत. मग एकेका देशानं हात आखडता घेतला. हात शिवायला शिकले होते, पण शरीराची समजूत कशी घालायची ते कुणालाच ठाऊक नव्हतं. स्टॅनफर्डला नॉर्मन शमवे मात्र गाजावाजा न करता काम करत राहिले. हृदयाचा तांदळाच्या कणीएवढा तुकडा शिरेतून काढून, शरीर हृदयाला नाकारतं आहे का ते वेळीच ओळखायची युक्ती १९७०च्या दशकात त्यांच्याच रुग्णालयात निघाली. आणि नॉर्वेतल्या मातीत सापडलेल्या एका बुरशीनं सायक्लोस्पोरिन हे औषध दिलं. १९८०च्या दशकात ते हृदयरोपणात आलं आणि चित्र पालटलं. पुन्हा बुरशीच. गुरांच्या वैरणीतली एक, नॉर्वेच्या मातीतली दुसरी.

आज हृदयरोपण झालेल्या शंभरांपैकी साधारण पंच्याऐंशी ते नव्वद जण पहिलं वर्ष पार करतात. निम्म्याहून अधिक दहा वर्षांपलीकडं जातात. पण तिथंही गोष्ट ऑपरेशननं संपत नाही. औषधं कमी पडली तर शरीर हृदयाला हाकलू पाहतं. जास्त झाली तर जंतू घर करतात, मूत्रपिंडं थकतात, काही प्रकारचे कर्करोग वाढीला लागतात. काही वर्षांनी नव्या हृदयाच्या धमन्या आतून अरुंद होऊ लागतात. आणि ते रुग्णाला कळत नाही, कारण छातीत दुखत नाही.

का दुखत नाही, याचं उत्तर ऐकून मी चकित झालो होतो. हृदय काढताना त्याच्या नसा तुटतात आणि नव्या शरीरात त्या लगेच जुळत नाहीत. म्हणून नवं हृदय स्वस्थ बसलेल्या माणसाच्या छातीतही जरा भरभर चालतं. माणूस जिना चढू लागला तर ते लगेच वेग घेत नाही. रक्तातून रसायनांचा निरोप पोचल्यावर घेतं. थांबल्यावरही थोडा वेळ धडधडत राहतं. भीती वाटते ती मेंदूला. हृदयाला ती काही मिनिटांनी कळते. आम्ही कवींनी सगळा कारभार ज्याच्या माथी मारला, त्याला साधी बातमीसुद्धा उशिरा पोचते.

सेन यांच्यापुढं आणखी एक अडचण होती. मेंदू मेला आणि हृदय चालू आहे, अशा माणसाला मृत म्हणायचं की जिवंत? १९६८च्या फेब्रुवारीत आपल्याकडं याला कायद्याचं उत्तर नव्हतं. हार्वर्डच्या समितीनं मेंदूमृत्यूची व्याख्या मांडली ती त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये. भारतात मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा झाला १९९४ साली. त्याच वर्षी ३ ऑगस्टला दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. वेणुगोपाल यांनी देशातलं पहिलं यशस्वी हृदयरोपण केलं. तो रुग्ण दहा वर्षांहून अधिक जगला. २०२३पासून आपण ३ ऑगस्ट हाच अवयवदान दिन मानतो.

आणि मुंबईत? योगायोग पाहा. ३ ऑगस्ट २०१५. पुण्याच्या जहांगीर रुग्णालयात मेंदूमृत झालेल्या एका बाईच्या कुटुंबानं होकार दिला. काढलेलं हृदय चार तासांच्या आत नव्या छातीत धडधडायला हवं. पोलिसांनी रस्ते मोकळे केले, पुण्याहून विमान निघालं, आणि दीड तासाच्या आसपास ते हृदय मुलुंडच्या फोर्टिस रुग्णालयात पोचलं. डॉ. अन्वय मुळे यांच्या पथकानं ते एका बावीस वर्षांच्या तरुणाला बसवलं. सेन यांच्यानंतर मुंबईतलं हे पहिलं. २०२४च्या जुलैमध्ये खुद्द केईएममध्ये ५६ वर्षांनी पुन्हा हृदयरोपण झालं.

देशात आता वर्षाला दोन-अडीचशे हृदयरोपणं होतात. गरज त्याहून पुष्कळ मोठी आहे. अडतं ते अतिदक्षता विभागाच्या दाराशी, जिथं रडणाऱ्या माणसांना तासाभरात हो की नाही सांगायचं असतं. मी स्वतः अवयवदानाचा अर्ज भरला आहे. १९८६ साली अम्मानला इस्लामी फिकह अकादमीनं मेंदूमृत्यू मान्य केला, हे घरात सांगितलं. तरी माझ्या घरात अजून एकमत नाही. आमच्या हिंदू मित्रांच्या घरांतही पुढच्या जन्माची धास्ती निघतेच. मी भांडत नाही. एवढंच म्हणतो, हे बोलणं आज जेवताना होऊ द्या. त्या दाराशी होऊ नये.

श्रोतेहो, हृदयाच्या शस्त्रक्रियेचा इतिहास आपण सर्जनांचा इतिहास म्हणून वाचतो, आणि त्यांचा मान त्यांना मिळायलाच हवा. पण निकाल लागतो तो शस्त्रक्रियागृहाच्या बाहेर. १९५२ साली सेन यांच्या बोटानं झडप मोकळी झाली. ती आवळू नये याचा उपाय मात्र त्याहून साधा होता. लहान मुलाचा घसा दुखला, ताप आला, तर डॉक्टरांना दाखवायचं आणि दिलेलं औषध पुरं घ्यायचं. संधिवाताचा ताप येऊन गेला असेल तर दर तीन आठवड्यांनी पेनिसिलीनचं इंजेक्शन, वर्षानुवर्षं, न चुकता. आपाला १९७३ साली ते मिळालं असतं, तर बहुधा १९८४ आलं नसतं, ना १९९८, ना २००६. त्या इंजेक्शनचे पैसे अब्बा वारीचे दिवस सोडून एका दिवसाच्या पंक्चरांतून काढू शकले असते.

म्हणून मी त्या तीन तासांना अपयश म्हणत नाही. ते तीन तास, मग चौदा, मग अठरा दिवस, मग ५९४, मग कुणाची दहा वर्षं. या हिशेबात ज्यांच्या वाट्याला थोडं आलं, त्यांच्या जमेवर पुढचे जगले. बेलींचे चार, स्टार यांची पहिली, सेन यांचे दोन. आपाची सत्तावीस वर्षं त्या खात्यातली आहेत.

परवा आपाला विचारलं, रेडिओवर तुझ्याबद्दल बोलू का? ती म्हणाली, "बोल. पण गोळीची वेळ झाली की मला आठवण कर, तुझ्या भाषणाच्या नादात राहील."

तिची गोळी रात्री आठची. श्रोतेहो, आपल्या घरात कुणाची गोळी असेल, तर तीही बघा.